खुर्द्याचा दुष्काळ

जुन्या नाण्यांच्या रक्षणाचे काम ज्याने काही वर्षे केले आहे, त्याच्या मनात धातूंची एक उतरंड आपोआप रचली जाते. सोन्याविषयी त्याला फारसे ममत्व नसते, कारण सोने दोन हजार वर्षे मातीत पडले तरी निर्विकार राहते आणि त्याच्यापाशी रसायनशास्त्रज्ञाला करण्यासारखे काही उरत नाही. रुपे काळे पडते, पण त्याचा काळिमा समंजस असतो, योग्य उपचाराने ओसरतो. तांब्याचे आणि काशाचे रोग पुष्कळ, परंतु त्यांवरच्या औषधांचा शोधही शास्त्राने तितक्याच चिकाटीने लावलेला आहे. जस्त मात्र या उतरंडीच्या तळाशी बसलेले हट्टी द्रव्य आहे. त्याला आम्लात घालावे तर डाग निघण्यापूर्वी नाणेच विरघळू लागते, तीव्र क्षारात घालावे तरी तीच गत, आणि काहीच न करता नुसते दमट हवेत ठेवावे तर त्याच्या अंगावर पांढरी भुकटी धरते, जी पुसली की तिच्याबरोबर ठशाची रेषाही जाते.

मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयाच्या रसायनशाळेत उमेदवारी करून मी ऱ्हाइनकाठच्या एका मध्यम वस्तीच्या शहरातील नगरसंग्रहालयात धातुसंरक्षकाचा साहाय्यक म्हणून रुजू झालो, तेव्हा मनात चित्र होते ते रोमन नाण्यांचे. ऱ्हाइनचा तो काठ म्हणजे रोमन साम्राज्याची सरहद्द. तेथे पाया खणताना कुदळीला ट्राजनचा आणि हाड्रियनचा मुखवटा लागावा, यात नवल नाही. पण संग्रहालयातली रोमन नाणी मजहून अधिक सेवाज्येष्ठ माणसांच्या वाट्याला अगोदरच गेलेली होती, आणि नवागत म्हणून माझ्या हवाली करण्यात आले ते ओकच्या लाकडाचे एक जुने कपाट, ज्याच्या खणांत पहिल्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांच्या काळात जर्मनीतील निरनिराळ्या शहरांनी, तालुक्यांनी आणि कारखान्यांनी काढलेली जस्ताची, लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची आपत्कालीन नाणी वर्षानुवर्षे कोणी न पाहता पडून होती. माझी पहिली प्रतिक्रिया निराशेची होती, हे सांगायला संकोच वाटत नाही. राखाडी, हलकी, कडा खवलेली ती चकती पाहून कोणाही नाणकप्रेमी माणसाला उत्साह वाटू नये, अशीच तिची घडण असते. पण हे कपाट पुढे मला जितके शिकवून गेले तितके कोणत्याही सम्राटाच्या मुखवट्याने शिकवले नाही, आणि त्याचे कारण असे की या नाण्यांत इतिहास छापलेला नसतो, तो धातूतच मुरलेला असतो.

युद्धापूर्वीच्या जर्मन साम्राज्याचे चलन मोठे रुबाबदार होते. दहा आणि वीस मार्कांचे सोन्याचे नाणे, अर्ध्या मार्कापासून पाच मार्कांपर्यंत रुप्याची, पाच आणि दहा फेनिगची तांबे-निकेलच्या मिश्रधातूची, एक आणि दोन फेनिगची तांब्याची. शिवाय 1909 पासून काही वर्षे पंचवीस फेनिगचे शुद्ध निकेलचे एक देखणे नाणे. ऑगस्ट 1914 मध्ये युद्धाची घोषणा होताच सोने आणि रुपे लोकांच्या पेट्यांत, गाद्यांत आणि भिंतींच्या कोनाड्यांत अंतर्धान पावले, आणि 4 ऑगस्टच्या कायद्यांनी नोटेच्या बदल्यात सोने देण्याचे बंधन मध्यवर्ती बँकेवरून उठवले गेल्यावर ते पुन्हा बाहेर येण्याची आशाच संपली. ही झाली साठेबाजांची करामत. पण पुढच्या दोन वर्षांत जे घडले ते लष्कराच्या गरजेने घडले. तोफगोळ्याच्या कमरेला तांब्याची कडी लागे, काडतुसाला पितळेचे कवच लागे, चिलखती पोलादाला निकेल लागे. इंग्लंडच्या आरमाराने समुद्रमार्ग आवळून धरल्यामुळे यांतले काहीही बाहेरून पुरेसे येत नसे. वाल्टर राथेनाऊ यांच्या देखरेखीखाली युद्धखात्यात कच्च्या मालाचा जो स्वतंत्र विभाग युद्धाच्या पहिल्याच महिन्यात उघडला गेला, त्याच्या दृष्टीने एखाद्या वाण्याच्या गल्ल्यातले दहा फेनिगचे नाणे म्हणजे चुकून तेथे जाऊन बसलेला लष्करी साठाच होता. 1915 पासून साम्राज्याने पाच फेनिगचे नाणे लोखंडाचे केले, दहा फेनिगचेही त्याच वाटेने गेले, 1916 मध्ये एक फेनिग ॲल्युमिनियमचा झाला आणि 1917 मध्ये दहा फेनिगला जस्ताचे अंग मिळाले. एवढे करूनही खुर्दा पुरेना.

खुर्दा नसला म्हणजे काय होते याची कल्पना ज्यांनी नोटांच्या जोरावर बाजार केला आहे त्यांना सहसा येत नाही. ट्रामचा वाहक दहा फेनिगच्या तिकिटासाठी दोन मार्कांची नोट घेऊन मोड कोठून देणार? पाववाल्याने शिधापत्रिकेवरचा पाव तोलून दिला, पण वरचे पाच फेनिग परत कसे करायचे? दुकानदार चिठ्ठ्या देऊ लागले, टपालाची तिकिटे देऊ लागले, आणि अखेर हा गोंधळ नगरपालिकेच्या दारी येऊन थडकला. त्या काळचे जर्मन शहर आपल्या कारभारात स्वयंपूर्ण असे. ट्राम त्याची, वायूचा कारखाना त्याचा, बचतपेढीही त्याचीच, आणि त्यामुळे नगराध्यक्षाने खजिनदाराला बोलावून ‘आपणच नाणी पाडू’ असे म्हणणे वाटते तितके धाडसाचे नव्हते. नाणी पाडण्याचा अधिकार कायद्याने केवळ साम्राज्याचा होता, म्हणून बहुतेकांनी चकतीवर ‘नाणे’ हा शब्द टाळून ‘सुट्या पैशाच्या बदली चकती’ किंवा ‘युद्धपैसा’ असा मजकूर घातला. सरकारनेही, आपल्याकडून निभत नाही ते दुसरा निभावतो आहे हे पाहून, डोळ्यांवर कातडे ओढून घेतले. मला या व्यवहारातली सर्वांत जर्मन गोष्ट हीच वाटते: बेकायदा कृत्य, पण रीतसर ठरावाने, नोंदवहीत क्रमांक घालून.

संग्रहालयाचे दफ्तर आणि नगरपालिकेचे जुने दफ्तर एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर होते, त्यामुळे त्या शहराच्या स्वतःच्या नाण्याची कुळकथा मला मूळ कागदांतून वाचता आली. नगरसभेचा ठराव, न्यूरेंबर्गच्या कारखानदाराशी झालेला पत्रव्यवहार, ठशाचे पेन्सिलीने काढलेले चित्र, माल पोचल्याची पावती, आणि नाणी परत घेण्याची मुदत जाहीर करणारे छापील पत्रक, इतका सगळा ऐवज एका दोरीने बांधलेला होता. न्यूरेंबर्गचे नाव या संदर्भात वारंवार येते, कारण खेळण्यांच्या, बिल्ल्यांच्या आणि पदकांच्या धंद्यामुळे त्या शहरात ठसे कोरणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले होते. लाउअर यांच्या कारखान्याने तर असंख्य गावांसाठी अशी नाणी पाडली. पत्रव्यवहारात एक मुद्दा पुनःपुन्हा येई, तो धातूचा. नगरपालिकेची पसंती लोखंडाला, कारण लोखंड टिकाऊ. कारखानदार नम्रपणे सुचवी की लोखंड कठीण असल्यामुळे पोलादाचे ठसे लवकर फुटतात, सबब जस्त घ्यावे. आणि शेवटी काय घ्यायचे हे दोघांच्याही हाती नसून त्या आठवड्यात कारखान्याला कोणत्या पत्र्याचा परवाना मिळतो यावर ठरे.

जस्त आणि लोखंड हीच दोन का, या प्रश्नाचे उत्तर नकाशात आहे. वरच्या सायलेशियातील खाणी जर्मनीच्या स्वतःच्या होत्या आणि तेथे जस्त भरपूर निघे. लोखंडालाही तोटा नव्हता. म्हणजे समुद्र बंद झाला तरी जे घरच्या जमिनीतून निघत होते आणि ज्याची तोफखान्याला सर्वांत कमी निकड होती, तेच नागरिकाच्या खिशात येऊन पडले. कपाटातील नाण्यांची मी धातूवार आणि वर्षवार मांडणी करू लागलो तेव्हा ही गोष्ट मला हळूहळू उमगत गेली. एका अर्थाने ती मांडणी म्हणजे सेनापतींच्या कोठारातील वस्तूंची उलटी यादी होती. जे त्यांना हवे होते ते तिच्यात नव्हते.

काम पुष्कळसे हाताचे आणि डोळ्याचे होते. प्रत्येक नाणे प्रथम तोलायचे, मग त्याचा व्यास मोजायचा, मग चुंबक जवळ न्यायचे. या तिसऱ्या क्रियेत वरचेवर गंमत होई, कारण दिसायला अगदी जस्ताची वाटणारी राखाडी चकती चुंबकाला चटकन्‌ जाऊन चिकटे. ती असे लोखंडाची, गंज टाळण्यासाठी जस्ताच्या भुकटीत घोळून, तापवून, वर जस्ताचा पातळ लेप चढवलेली. जुन्या नोंदवहीत कोणा पूर्वसूरीने नुसत्या नजरेने ‘जस्त’ म्हणून लिहून ठेवलेल्या कित्येक नाण्यांचा धातू मला अशा रीतीने बदलावा लागला. लेप जेथे झिजला तेथे, म्हणजे शहराच्या चिन्हाच्या उंच भागावर आणि कडेच्या मण्यांवर, तांबूस गंजाचे ठिपके उमटलेले असत. म्हणून एखाद्या किल्ल्याच्या बुरुजांची टोके आणि एखाद्या संताचे नाक तेवढे तांबडे, असा चमत्कारिक देखावा दिसे.

एक नाणे मला विशेष आठवते. ते अष्टकोनी होते. कोनांची ही सोय निव्वळ हौसेची नसे. अंधारात किंवा घाईत बोटांना ते साम्राज्याच्या वाटोळ्या नाण्याहून निराळे कळावे आणि शेजारच्या गावाच्या नाण्याशीही त्याची गल्लत होऊ नये, असा तिच्यामागचा हेतू. दहा फेनिग, 1917, जस्त. भिंगाखाली धरले की त्याच्या पृष्ठभागावर बारीक फुगे दिसत, कारण पत्रा लाटताना आत हवा राहिली होती. थंड असताना जस्त ठिसूळ असते, शंभर ते दीडशे अंशांपर्यंत तापवले म्हणजेच ते नीट लाटले जाते, आणि घाईच्या दिवसांत ही उष्णता राखली गेली नसावी असे त्या फुग्यांवरून वाटे. एका कोनाला तडा होता. अंकावरचा ठसा ठळक, पण शहराच्या नावाची शेवटची दोन अक्षरे पुसट, म्हणजे ठसा झिजत आला असतानाही काम थांबवलेले नव्हते. आणि एका बाजूला, अंगठा जेथे टेकतो तेथे, धातू किंचित खोलगट होऊन गुळगुळीत झाला होता. सोन्याचे नाणे इतक्या थोड्या वर्षांत असे झिजत नाही, कारण सोने कोणी इतक्यांदा हातातून काढून देत नाही. हे नाणे मात्र दिवसातून अनेकदा दिले-घेतले गेले असले पाहिजे, बटाट्यांच्या रांगेत, ट्रामच्या पायरीवर, शिधापत्रिका फाडणाऱ्या बाईच्या मेजावर.

आमच्या संग्रहालयाचे अभिरक्षक निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले गृहस्थ होते. पहिल्या महायुद्धाच्या काळी ते शाळकरी मुलगा होते. ते मला नेहमी ‘हेर कोलेगे’ म्हणून, म्हणजे ‘सहकारी महाशय’ म्हणून, हाक मारीत, आणि वयाचे व अधिकाराचे एवढे अंतर असताना त्या संबोधनात थट्टेचा अंशही नसे. एकदा ते माझ्या मेजापाशी उभे राहून ते अष्टकोनी नाणे बराच वेळ निरखत होते. मग म्हणाले, “ज्या वर्षी हे आले, त्याच वर्षी आमच्या चर्चची घंटा गेली.” 1917 मध्ये सरकारने चर्चच्या घंटांची मोजदाद करून त्यांचे वर्ग पाडले होते, ज्या घंटांना विशेष प्राचीनत्व किंवा कलामूल्य नव्हते त्या प्रथम वितळवण्यासाठी काढल्या गेल्या. ऑर्गनच्या दर्शनी नळ्याही त्यांतल्या कथिलासाठी गेल्या. पुष्कळ ठिकाणी घंटा शिडीवरून उतरवणे जमेना, तेव्हा ती मनोऱ्यावरच फोडून तिचे तुकडे खाली टाकीत. त्यांच्या आईचा कपडे उकळण्याचा तांब्याचा मोठा हंडा त्याच सुमारास सरकारजमा झाला आणि त्याच्या बदल्यात जी भरपाई मिळाली ती याच राखाडी चकत्यांत. “आई म्हणे,” ते सांगत होते, “हंडा जड होता, हे इतके हलके कसे?” हे सांगताना त्यांचा आवाज काही बदलला नाही, पुढच्याच वाक्यात त्यांनी मला विचारले की, तोलाची नोंद दशांशाच्या कितव्या स्थळापर्यंत ठेवता?

त्यांनाच मी एकदा विचारले की, शेजारच्या गावात हे नाणे चाले काय? ते हसले. नदीपलीकडच्या बाजारात ते चालत नसे, किंवा चालले तर बट्टा देऊन. आमच्याकडे संस्थानी रुपयांना कंपनीच्या मुलखात बट्टा लागे तसाच हा प्रकार, असे मी म्हणालो, तेव्हा त्यांना फार आश्चर्य वाटले आणि संस्थाने किती, त्यांच्या टांकसाळी किती, याची त्यांनी इतकी कसून चौकशी केली की त्या दिवशी माझे काम जवळजवळ बुडालेच.

कपाटाच्या एका खणात युद्धकैद्यांच्या छावण्यांचे पैसे होते. कैद्याच्या हाती खरे चलन पडले तर पळून जाण्यास त्याचा उपयोग होईल, म्हणून त्याला छावणीच्या उपाहारगृहातच चालेल असा पैसा दिला जाई. या खणाबद्दल अधिक लिहिण्याची इच्छा होत नाही. त्याच्याच शेजारी एका पाकिटात पितळेचे वीस हेलरचे एक ओबडधोबड नाणे होते आणि त्याने मात्र मला खिळवून ठेवले. हेलर म्हणजे जर्मन पूर्व आफ्रिकेतील रुपयाचा शंभरावा भाग. होय, त्या जर्मन वसाहतीचे चलन मार्क नसून रुपया होते. हिंदी व्यापाऱ्यांमुळे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रुपया इतका रूढ होता की जर्मन कंपनीने 1890 मध्ये तेथे आपले नाणे काढले तेही रुपया आणि पेसा या नावांनीच. 1916 मध्ये दोस्तांच्या फौजांनी वेढलेल्या त्या वसाहतीला जर्मनीहून नाणी येणे बंद झाले, तेव्हा टाबोरा येथे रेल्वेच्या कारखान्यात मिळेल त्या पितळेतून आणि तांब्यातून ही नाणी ठोकली गेली. आणि त्यांच्याबरोबर, सेकेंके येथील खाणीच्या सोन्यातून, डोंगरापुढे सोंड उंचावलेल्या हत्तीचे चित्र असलेले पंधरा रुपयांचे सोन्याचे नाणेही. मायदेशात दहा फेनिगसाठी जस्त मिळण्याची पंचाईत, आणि आफ्रिकेतल्या रेल्वेच्या यार्डात सोन्याची टांकसाळ! सप्टेंबर 1916 मध्ये बेल्जियन फौजांनी टाबोरा घेतले आणि ही टांकसाळ बंद पडली.

युद्ध 1918 मध्ये संपले, पण आपत्कालीन नाणी संपली नाहीत, आणि माझ्या मते येथून पुढे त्यांच्या कथेला उतार लागतो. 1917 चे नाणे गरजेपोटी जन्मलेले आहे. त्याच्यावर शहराचे चिन्ह, अंक आणि वर्ष एवढेच असते, फार झाले तर कडेने मण्यांची माळ. 1920 आणि 1921 ची नाणी मात्र बोलकी, नटवी, क्वचित सुंदरही आहेत. बॉनने बेथोव्हेनच्या जन्मास दीडशे वर्षे झाली त्या निमित्ताने त्याचा मुखवटा घालून लोखंडी नाणी काढली. आखेनने आपल्या बोलीत ‘आखेनचा ग्रोशेन’ असे नाव घातले. न्यूरेंबर्ग आणि फ्यूर्टच्या ट्राम कंपनीने वीस फेनिगच्या चकत्यांवर शहरातील प्रेक्षणीय स्थळांची मालिकाच सुरू केली. यांतील पुष्कळ नाणी बाजारात फिरलीच नाहीत. संग्राहकांची एक मोठी फौज तोवर उभी राहिली होती, आणि खजिनदारांच्या लक्षात आले होते की जे नाणे कोणी परत आणून पैसे मागणार नाही ते छापण्यासारखा फायद्याचा धंदा नाही. बेथोव्हेनवर माझा राग नाही. परंतु धातूचा अभ्यासक म्हणून मला त्या अष्टकोनी, तडा गेलेल्या, नाव अर्धे पुसलेल्या नाण्यात जे सत्य दिसते, ते या सुबक लोखंडात दिसत नाही. त्याच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत, आणि ते कोणाच्याही हातून पाव घ्यायला गेलेले नाही.

याला अपवाद मी एकच करीन, तो माइसेनच्या चिनी मातीच्या नाण्यांचा. सॅक्सनी राज्यासाठी 1920 आणि 1921 या वर्षांच्या ठशांची, वीस फेनिगपासून वीस मार्कांपर्यंतची नाणी माइसेनच्या प्रसिद्ध कारखान्याने तांबूस तपकिरी मातीतून भाजून काढली. अठराव्या शतकाच्या आरंभी किमयागार ब्योटगरने जी माती शोधली तीच ही. संरक्षकाच्या दृष्टीने इतके आदर्श नाणे दुसरे नाही. गंज नाही, भुकटी नाही, घामाचा डाग नाही; पाण्याने धुवावे आणि ठेवून द्यावे. धातूचे दारिद्र्य इतके पराकोटीला गेले की शेवटी धातूच वगळला, हा विचार मात्र ते हातात घेताना दर वेळी येई.

17 जुलै 1922 च्या कायद्याने जर्मन सरकारने या साऱ्या प्रकाराला बंदी करून पाहिली; पण महागाईचा भस्मासुर तोवर असा माजला होता की पुढच्याच वर्षी कागदी नोटांवरील शून्यांना सुमार राहिला नाही. नाण्यांत या काळाचा कळस वेस्टफालिया प्रांताने गाठला. त्या प्रांताच्या 1923 च्या मोठ्या नाण्याची दर्शनी किंमत एक लाख कोटी मार्क आहे. सुमारे 60 मिलिमीटर व्यासाचे, एका बाजूस फ्राइहेर फॉम श्टाइन या सुधारकाचे मुख आणि दुसऱ्या बाजूस प्रांताच्या चिन्हातला उसळता घोडा. नोव्हेंबर 1923 मध्ये रेंटनमार्क आला आणि त्याची गाठ नेमकी एवढ्याच मार्कांशी बांधली गेली, म्हणजे हे प्रचंड नाणे आणि एक नवा मार्क समान झाले. प्रत्यक्षात ते चलन म्हणून नव्हे, तर आठवणीची वस्तू म्हणून विकले गेले. अभिरक्षकांना त्याचा तिटकारा होता. खण उघडा असला की ते तो बंद करीत.

आता उपचाराविषयी. संग्रहालयाच्या प्रमुखांचा असा मानस होता की, एका प्रदर्शनासाठी ही नाणी ‘स्वच्छ’ करून काचेखाली मांडावी. अनेक ठिकाणी तशी ती मांडलीही जातात, घासून, लख्ख, टिकल्यांसारखी. मी लेखी अभिप्राय दिला तो याविरुद्ध. जस्ताच्या अंगावर एकदा बसलेला राखाडी थर हा मळ नव्हे. हवेतील ओलावा आणि कर्बवायू यांच्याशी धातूची झालेली ती तडजोड आहे आणि खालच्या धातूचे रक्षण तीच करते. तो थर काढला की नवा धातू उघडा पडतो, तोही पुन्हा झिजतो, आणि प्रत्येक सफाईबरोबर ठसा थोडा थोडा जातो. जेथे पांढरी भुकटी सक्रिय होती, फुगत होती, तेवढ्याच जागी भिंगाखाली लाकडी काडीच्या टोकाने मी ती उचलली आणि वर मेणाचा अतिशय पातळ हात दिला. लोखंडी नाण्यांच्या बाबतीत थोडे अधिक करता येते. गंज जेथे उचलला जातो तेथे तो उचलून, नाणे वाळवून, तेच मेण. याहून अधिक काही नाही. खरा शत्रू निघाला तो बाहेरच. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ निघते, बंद खणात ती कोंडते आणि शिसे व जस्त यांना खाते. म्हणजे ज्या भक्कम कपाटाने ती नाणी इतकी वर्षे सुरक्षित ठेवली असे सर्वांना वाटत होते, त्यानेच त्यांना आजारी पाडले होते. नाणी पत्र्याच्या कपाटात हलवली गेली तेव्हा अभिरक्षकांना थोडे वाईट वाटले. ते ओकचे कपाट त्यांच्या पूर्वाधिकाऱ्यांनी स्वतः बनवून घेतलेले होते. प्रदर्शन झाले. नाणी राखाडीच मांडली गेली. एका वृत्तपत्राने ‘निस्तेज’ असा शेरा मारला, आणि तो बरोबरच होता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर पुन्हा जस्ताची पाळी आली. 1940 पासून एक, पाच आणि दहा फेनिगची नाणी जस्ताची झाली. फरक इतकाच की या वेळी शहरांना आपापला पैसा काढण्याची मुभा नव्हती, मध्यवर्ती सत्तेची मूठ फार आवळलेली होती. त्याच युद्धाची झळ आपल्याकडेही पोचली होती. 1943 मध्ये आपल्या पैशाच्या पोटातून काशाचा जो गोल तुकडा काढून घेण्यात आला, त्या भोकाच्या पैशाशी त्या पिढीतली मुले खेळली आहेत. काठेवाडात मोरवी, जुनागड, नवानगर अशा संस्थानांनी तर खुर्द्याच्या टंचाईत पुठ्ठ्याची कूपने काढली. पहिल्या महायुद्धाच्या वेळी रुप्याचा तुटवडा पडून 1917 मध्ये एक रुपयाची नोट निघाली आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत दोन, चार आणि आठ आण्यांची नाणी रुप्याऐवजी तांबे-निकेलची झाली, हे तर नाणकप्रेमींना ठाऊकच आहे. ही कूपने, हे भोकाचे पैसे आणि ही आठ आण्यांची नाणी आजही जुन्या घरांच्या फडताळांत, आजीच्या बटव्यात, देव्हाऱ्यामागच्या डबीत सापडतात.

ती सापडली तर वाचकांनी एवढेच करावे: चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांपैकी काहीही त्यांना लावू नये, मऊ प्लास्टिकच्या पिशवीत घालू नयेत, साध्या, कोऱ्या कागदाच्या पाकिटात, एकात एक या हिशेबाने, कोरड्या जागी ठेवावीत आणि पाकिटावर ती कोणाच्या घरातून आली ते पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुठ्ठ्याच्या कुपनांना तर पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये.